चेसिसचा ठसा

माझ्या घराच्या तळमजल्यावर न्यूझीलंडचा एक इंजिनियर भाड्याने राहत होता. चाकणच्या एका कंपनीत रंगकामाचे रोबो बसवायला त्याला तीन वर्षांच्या करारावर आणलं होतं. वय साधारण माझ्याएवढंच, म्हणजे पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. तरुणपणी डोंगरावरून पडल्याने त्याचे दोन्ही पाय जवळजवळ निकामी झाले होते. दोन कुबड्यांवर तो घरभर फिरायचा, स्वतःचं जेवण स्वतः करायचा, कपडे वाळत घालायचा, कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणायचा. या सगळ्याला वेळ लागायचा, पण मदत लागायची नाही.

मदत फक्त एका ठिकाणी लागायची. कंपनीने त्याला ड्रायव्हरसकट एक मोठी गाडी दिली होती आणि ती इतकी उंच होती की कुबड्या घेऊन तिच्यात चढणं त्याला शक्यच नव्हतं. ड्रायव्हर मराठवाड्याचा, मनाने चांगला. तो रोज सकाळी "चला सर" म्हणायचा, त्याच्या काखेत हात घालायचा आणि त्याला उचलून सीटवर ठेवायचा. समोर चहाची टपरी आहे. तिथली मंडळी हातात ग्लास धरून हा सोहळा बघायची. एकजण रोज तोच प्रश्न विचारायचा, "काय रे, गोऱ्याचं लोडिंग झालं का?" बाकीचे रोज तेवढेच हसायचे. भाडेकरूला मराठी येत नव्हतं, पण हसणं कशाबद्दल आहे ते त्याला कळत होतं.

तो मला एकदा म्हणाला, "मला वेळ लागतो याचं मला काही वाटत नाही. पण रोज सकाळी कुणीतरी मला उचलतं, हे मला सहन होत नाही."

त्याच्या देशात त्याची स्वतःची गाडी होती. लहान, बसकी, पायांशिवायही चालणारी. स्टीअरिंगच्या मागे एक कडी होती, ती दाबली की वेग वाढायचा. बाजूला एक दांडी होती, ती पुढे ढकलली की ब्रेक. पायाची पेडलं जागेवर होती, पण त्याला ती लागत नव्हती. दार उघडून तो सीटवर टेकायचा, पाय हाताने आत घ्यायचा, कुबड्या मागे टाकायचा आणि निघायचा. तिकडेही आपल्यासारखंच स्टीअरिंग उजवीकडे असतं, त्यामुळे ती गाडी इथे आणायला अडचण नव्हती. कंपनीने आयात शुल्क भरून ती आणायचं कबूल केलं. त्यानेही कंपनीला स्पष्ट सांगून ठेवलं होतं, की गाडी रस्त्यावर आली तर तीन वर्षं पूर्ण करीन, नाही आली तर वर्षअखेर परत जाईन. मलाही त्याने हे आधीच सांगितलं, कारण घर रिकामं होण्याची कल्पना घरमालकाला असावी असं त्याचं म्हणणं.

गाडी ट्रॉलीवरून आमच्या दारात उतरली त्या दिवशी तो सकाळी लवकर दाढी करून पायरीवर बसून होता. ट्रॉलीवाला गेल्यावर तो गाडीत जाऊन बसला, काच खाली घेतली आणि नुसता बसून राहिला. नोंदणी झाली नव्हती म्हणून त्याने ती फाटकाबाहेर काढली नाही. तो नियम त्याला सांगावा लागला नाही.

कागद मी स्वतः लावले. मी भोसरीत गेज तपासणीचं काम करतो. चोवीस वर्षं मायक्रॉन मोजतोय, त्यामुळे कागद लावायला बसलो की एक एक आकडा दोनदा बघतो. आयात शुल्काचे कागद, चाचणीचं प्रमाणपत्र, विमा, माझा भाडेकरार, कंपनीचं पत्र. गाडीचा चेसिस नंबर सतरा अक्षरांचा होता आणि तो सगळ्या कागदांवर तंतोतंत जुळत होता. गाडी कार्यालयात नेऊन तपासून घ्यायची आणि नंबर घ्यायचा, एवढंच राहिलं होतं.

बंदरावरून गाडी सोडवणाऱ्या एजन्सीचं काम तिथेच संपलं होतं. इथल्या कार्यालयातली पद्धत माहीत असलेला, मराठी बोलणारा कुणीतरी सोबत असावा असं भाडेकरूला वाटलं. त्याने मला विचारलं. माझ्या बायकोने तिच्या धाकट्या भावाचं नाव काढलं.

माझी सासुरवाडी कुरुळीची. मेहुण्याच्या सहा गाड्या कामगारांना कंपन्यांत सोडायला लागतात. तो दुसऱ्याच दिवशी एका एजंटाला घेऊन आला. "दाजी, माज्या सहाच्या सहा गाड्यांचं पासिंग ह्योच करतो. तुमी डोळं झाकून द्या," म्हणाला.

एजंटाने माझी फाइल उघडली, चार पानं उलटली आणि मिटली. मग गाडीभोवती एक फेरी मारली. "ठसा लागंल," तो म्हणाला.

ज्यांनी जुनी गाडी कधी विकली-घेतली असेल त्यांना हा प्रकार माहीत असतो. गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेल्या नंबरावर कागद ठेवायचा, वरून पेन्सिल घासायची आणि उमटलेला ठसा अर्जाला चिकटवायचा. आमच्याकडच्या गाड्यांना तो नंबर ठोकून खोल कोरलेला असतो, म्हणून ठसा छान येतो. या गाडीला नंबर दोन जागी होता. एक पुढच्या काचेच्या आत, कोपऱ्यातल्या पट्टीवर. दुसरा बाजूच्या सीटखाली, गालिचा उचलल्यावर, बारीक बारीक टिंबांनी पत्र्यावर उमटवलेला. नजरेला स्वच्छ दिसत होता. पण एजंटाने कागद ठेवून पेन्सिल घासली तेव्हा नुसता राखाडी डाग पडला. तीनदा घासली, तीन डाग.

"असं न्हाई चालत काका. ठसा नसंल तर फाइल हातात पण घेत नाहीत."

"मग जाऊन विचारा ना त्यांना. अशी गाडी आहे, ठसा येत नाही, काय करू?"

एजंट हसला. माझ्या अज्ञानाची त्याला गंमत वाटली असावी. "काका, विचारलं की नाहीच म्हणतात. विचारायचंच नसतं. करून न्यायचं."

"मी जाऊन विचारतो मग," मी म्हणालो.

"आता तुमी कशाला तरास घेता दाजी," मेहुणा मध्ये पडला. "आमी हाय ना. फोटोबिटो लावू आनि करू कायतरी."

फोटो म्हणाला म्हणून मी गप्प बसलो.

शनिवारी मी कामावर असताना मेहुणा आला. तपासणीच्या आधी गाडी धुऊन आणतो, ट्रॉलीवर नेतो, ट्रॉलीवर आणतो, असं त्याने भाडेकरूला मोडक्या इंग्रजीत समजावलं आणि किल्ली नेली. संध्याकाळी मी आलो तेव्हा गाडी जागेवर होती आणि खरंच चकाचक होती.

रविवारी सकाळी मी फाइलमध्ये गाडीचं रीडिंग लिहायला म्हणून आत डोकावलो. गाडी उतरली त्या दिवशी मी रीडिंग लिहून ठेवलं होतं. आता त्यात एकेचाळीस किलोमीटर जास्त होते. ट्रॉलीवरून गेलेल्या गाडीचे किलोमीटर वाढत नाहीत. ड्रायव्हरच्या सीटवर कुंकवाचा डाग होता. मागच्या सीटवर चुरमुरे सांडलेले होते. मी बायकोला तिच्या भावाचं स्टेटस दाखवायला सांगितलं. तिने फोन पुढे केला. त्यात ही गाडी कुरुळीच्या त्यांच्या अंगणात उभी, पुढे नारळ फोडलेला, टपावर त्याचा पोरगा, आणि खाली लिहिलेलं, "दाजींकडची नवीन इम्पोर्टेड पाहुणी."

बिनानंबरची गाडी तो रस्त्याने हिंडवून आला होता. आणखी काय केलंय ते बघावं म्हणून मी बॉनेट उघडलं.

उजव्या बाजूला, चाकाच्या वर जिथे पत्रा जाड असतो तिथे, हातभर अंतरावरूनही रंगाचा वास येत होता. काळा रंग, हाताने मारलेला, कडा ओघळलेल्या. मी रंगावर नख फिरवलं. खाली अक्षरं लागली. सतराच्या सतरा, पोलादी पंचने एक एक ठोकलेली. ओळ डावीकडून उजवीकडे जाताना चांगली चार-पाच मिलिमीटर खाली उतरली होती. मधला एक आकडा दोनदा ठोकल्यामुळे जाड झाला होता. सहा आणि नऊसाठी एकच पंच उलटा करून वापरतात, तो एका ठिकाणी उलटा करायचा राहून गेला होता आणि नंतर त्यावरच दुसरा ठोकला होता.

मेहुण्याला बोलावून घेतलं. तो आला तोच हसत.

"हे काय आहे?"

"सापडलं व्हय? म्हनलं दाजींच्या नजरंतून काय सुटत न्हाई." त्याने बॉनेटमध्ये वाकून कौतुकाने पाहिलं. "तळवड्यात एका गाळ्यात मारून घेतलं. ठसा कसला झ्याक आलाय बघा." आणि खिशातल्या पाकिटातून घडी केलेला कागद काढून त्याने मला दाखवला. ठसा खरंच चांगला आला होता.

"दुसऱ्याच्या गाडीवर तू नंबर ठोकून आणलास?"

"दुसरा न्हाई ठोकला. त्येचाच हाय. आपन काय चोरी केली का?"

"चोरीच्या गाडीवर हेच करतात."

"अवो दाजी, तुमी लईच धरून बसता. वरनं काळा मारलाय, कुनाला दिसतंय? सायेब बॉनेट उघडत बी न्हाईत."

"आणि ज्याने ठोकला, त्याने विचारलं नाही का, कशाला पाहिजे म्हणून?"

"त्यो कशाला इचारंल? त्येला नंबर दिला, त्यानं मारला."

या उत्तराने मला सगळ्यात जास्त किळस आली, आणि ती अजून गेलेली नाही. तळवड्यातल्या त्या गाळ्यात दिवसभर मोठ्या कंपन्यांचे सुटे भाग बनतात. तिथला माणूस ड्रॉइंगमध्ये अर्धा मिलिमीटर इकडचा तिकडे दिसला तर फोन करून दहा प्रश्न विचारतो, कारण माल परत आला तर त्याचं नुकसान आहे. तोच माणूस परक्या देशातून आलेल्या गाडीच्या अंगावर, डोळ्याने ओळ धरून, सतरा अक्षरं ठोकून देतो आणि चहा पितो. कामाच्या वेळी सगळी काटेकोर, आणि काम सुटलं की यांना काहीही चालतं.

मेहुणा गेल्यावर मी वर जाऊन बायकोला सांगितलं आणि भाडेकरूला सांगायला खाली निघालो. बायको जिन्यात आडवी आली.

"कशाला सांगताय? उद्या तपासणी आहे. होऊन जाऊ दे. त्याला गाडी मिळेल, तुम्हाला भाडेकरू राहील."

"आणि उद्या कुणी बॉनेट उघडलं तर? गाडी त्याच्या नावावर आहे. पकडला गेला तर तो जाईल, तुझा भाऊ नाही."

"माझ्या भावाला चौकीत उभा करायचाय का तुम्हाला?"

मी म्हणालो, मला कुणालाच कुठे उभं करायचं नाही, पण गाडी ज्याची आहे त्याला ती कशी आहे हे माहीत पाहिजे. ती बाजूला झाली, पण दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

भाडेकरू कुबड्या घेऊन आला, मडगार्डवर कोपर टेकून वाकला आणि त्या ओळीवरून बोट फिरवलं. मला वाटलं तो ओरडेल. त्याने विचारलं, "त्यांनी मला का नाही विचारलं?"

मी सांगितलं, की त्यांना वाटलं ते तुमचं काम सोपं करतायत.

"पण मी इथेच होतो," तो म्हणाला. "मी घरात बसलो होतो. गाडी माझी आहे." मग त्याने विचारलं, की उद्या काय केलं तर बरोबर होईल. मी म्हणालो, आपण स्वतः दाखवू. त्याने मान हलवली. गप्प राहण्याचा विचार त्याच्या मनात आला असेल तर तो मला दिसला नाही.

सोमवारी गाडी ट्रॉलीवर नेली. या वेळी ट्रॉली मी बोलावली आणि सोबत मी बसलो; भाडेकरू कंपनीच्या गाडीतून मागोमाग आला. मैदानात गाड्यांची रांग होती. एजंट फाइल काखेत मारून इकडून तिकडे फिरत होता, मेहुणा मोबाइलवर. मी काय करणार आहे हे मी त्या दोघांना सांगितलं नव्हतं. तपासणी अधिकारी एक तरुण बाई होत्या. त्यांनी कागद पाहिले, काचेतला नंबर वाचला, गालिचा उचलून खालचा वाचला, दोन्ही कागदाशी ताडले. मग ठसा पाहिला.

"हा ठसा कुठून घेतलाय? खाली तर टिंबं आहेत."

एजंट पुढे आला. "मॅडम, बॉनेटमध्ये पण आहे ना. फॉरेनच्या गाडीला तीन ठिकाणी असतो."

तेवढ्यात भाडेकरूने स्वतःच बॉनेटची कळ ओढली आणि बोट ठेवून जागा दाखवली. बाईंनी वाकून पाहिलं, बोटाने रंग खरवडला, बोटाचा वास घेतला.

"हा कधीचा आहे?"

"तसाच आलाय बाहेरनं," एजंट म्हणाला. त्याच्या आवाजात जराही फरक नव्हता.

मेहुणा माझ्याकडे बघत होता. बाईही माझ्याकडे बघू लागल्या, कारण फाइलवर घरमालक म्हणून माझी सही होती. मी म्हणालो, "नाही. परवा तळवड्यात ठोकलाय. ठसा येत नव्हता म्हणून. मालकाला माहीत नव्हतं."

"आयला दाजी," मेहुणा एवढंच म्हणाला.

बाईंनी पेन बंद केलं. "ठसा येत नव्हता तर यायचं ना आमच्याकडे. अशा गाड्यांना आम्ही फोटो लावतो, मी स्वतः गाडीपाशी येऊन फोटो काढते. एक अर्ज होता फक्त." मग त्या भाडेकरूकडे वळल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, की तुम्ही सांगितलंत हे चांगलं केलंत, पण आता मी हे पाहिलं आहे, त्यामुळे मला हे लिहावं लागेल. मूळ नंबर शाबूत आहे की नाही याचा तांत्रिक अहवाल आल्याशिवाय ही गाडी नोंदवता येणार नाही. तोपर्यंत गाडी इथेच राहील.

"किती दिवस?" त्याने विचारलं.

"महिने," त्या म्हणाल्या. "मी खोटं सांगत नाही."

एजंट तोवर रांगेतल्या पुढच्या गाडीपाशी गेला होता आणि तिच्या मालकाशी हसून बोलत होता.

पुढे चौकीत जबाब झाले. मी माझा दिला, पाहिलं तेवढंच. मेहुण्याला एक दुपार बसवून ठेवलं, समज दिली आणि सोडलं. गाळेवाला म्हणाला, नंबर आणला, मी मारला, आणि त्याच्या दृष्टीने ते तिथेच संपलं. अधूनमधून मेहुण्याचा निरोप यायचा, की दाजींनी जबाब बदलला, आधीपासूनच होता म्हणाले, तर चार दिवसांत गाडी सुटते, वरपर्यंत ओळख निघाली आहे. एकदा तर त्याने ग्राइंडर घेऊन माणूस पाठवायची तयारी दाखवली. ठोकलेला नंबर घासून सपाट करतो म्हणाला, म्हणजे भानगडच राहत नाही. तेव्हा मी फोन ठेवून दिला आणि पुन्हा उचलला नाही.

भाडेकरू थांबून राहिला. रोज सकाळी ती उंच गाडी यायची, ड्रायव्हर त्याला उचलायचा. आधी तो उचलताना काहीतरी बोलायचा, हवापाण्याचं, ट्रॅफिकचं. आता तो डोळे मिटून घ्यायचा. बायकोने एक दिवस गॅलरीतून ते पाहिलं आणि आत येऊन म्हणाली, "तुम्ही सांगितलं नसतं तर हा माणूस आज स्वतः गाडी चालवत असता." मी म्हणालो, तुझ्या भावाने विचारलं असतं तरी चालवत असता.

वर्षअखेर जवळ आली आणि अहवाल आला नाही. त्याने बोलल्याप्रमाणे कंपनीला पत्र दिलं. जायच्या आदल्या दिवशी तो आणि मी गाडी ठेवली होती त्या आवारात गेलो. बाईंची परवानगी घेऊन त्याने आपली हत्यारांची पेटी उघडली, जमिनीवर बसून एक एक बोल्ट सोडवला आणि ती कडी, ती दांडी, सगळं काढून एका पिशवीत भरलं. मी टॉर्च धरून उभा होतो. त्याने मदत मागितली नाही आणि मीही पुढे झालो नाही. गाडी कंपनी नंतर परत पाठवणार होती. "मापाने बनवलेली आहेत," पिशवी बांधताना तो म्हणाला. "पुढच्या गाडीला चालतील."

खालचा मजला मी पुन्हा भाड्याने दिला. अहवाल पुढे केव्हातरी आला. मूळ नंबर शाबूत, वरचा ठोकलेला नंबर नंतरचा. म्हणजे जे मी मैदानात उभं राहून एका वाक्यात सांगितलं होतं तेच.

मग कुरुळीला माझ्या मेव्हणीच्या मुलीचं लग्न होतं. बायकोसाठी गेलो. जेवणाच्या पंगतीला मेहुणा माझ्यासमोरच होता आणि हीच गोष्ट रंगवून सांगत होता. त्याच्या गोष्टीत गोरा घाबरट होता, मॅडम खडूस होत्या, ठसा मात्र एक नंबर होता. "म्हनलं सायेब, एवढा झ्याक ठसा तुमच्या देशात तरी भेटंल का!" लोक ठसका लागेपर्यंत हसत होते. माझ्या शेजारी तळेगावचा एक पाहुणा बसला होता. हसून झाल्यावर त्याने खिशातून फोन काढला.

"भावा, तुझ्या त्या एजंटाचा नंबर दे की. मी कर्नाटक पासिंगची एक गाडी घेतलीय, तिचा पण ठसा येत नाय."

"लिवून घ्या," मेहुणा म्हणाला आणि आकडे सांगू लागला. मग माझ्याकडे बोट करून म्हणाला, "फकस्त दाजींना संगं न्हेऊ नका म्हंजे झालं."

पुन्हा सगळे हसले. पाहुण्याने नंबर परत म्हणून दाखवला, बरोबर आहे ना याची खात्री केली. बायका पलीकडच्या पंगतीला होत्या. माझी बायको तिथून हे ऐकत होती, हसत नव्हती, आणि माझ्याकडेही बघत नव्हती. माझ्या पानावर जिलेबी वाढली होती. मला ती खाववेना. मी उठलो, हात धुतले आणि आमच्या गाडीपाशी जाऊन बायकोची वाट बघत उभा राहिलो.